जुन्या ४०७ चे दिवे घाटात मधेच जातात: नवं वायरिंग भरायचं की दोष शोधायचा?

साखरपा_रोड
नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे.

गाडी टाटा ४०७, छोटा ट्रक, १९९९ सालची, सेकंडहँड घेतलेली. कोल्हापूरहून गूळ आणि भाजी रत्नागिरीकडे, येताना जांभ्याचा चिरा किंवा मिळेल तो माल. इंजिन ठणठणीत आहे. त्रास फक्त लाइटचा. रात्री आंबा घाट साखरप्याच्या बाजूला उतरताना हेडलाइट, मीटरचे दिवे, इंडिकेटर सगळं एकदम जातं. दोन-तीन सेकंद काळोख, मग आपोआप परत येतं. इंजिन चालूच असतं. कधी एका फेरीत दोनदा होतं, कधी पंधरवडा काहीच नाही. गॅरेजमध्ये लावली की तासभर लाइट चालू ठेवून वायरी हलवल्या तरी काही होत नाही.

बॅटरी नवी आहे, डायनामोचे ब्रश बदलून झाले, फ्यूज एकही उडत नाही. वायरमन म्हणतो, पंचवीस वर्षांची गाडी, आतल्या वायरी कडक झाल्यात, सगळं उपसून नवं वायरिंग भरा. खर्चाचं पाहू, पण आठवडाभर गाडी उभी राहणार आणि तरीही दोष गेला नाही तर? नवं भरू की आधी शोधू? आणि शोधायचं तर जो दोष समोर येतच नाही तो पकडायचा कसा?

देशावरचा_गडी
पहिलं काम, हा दोष जाईपर्यंत रात्रीचा घाट बंद करा. धुक्यात अशी तीन सेकंदं म्हणजे फार झाली. दिवसा उतरा, उशीर झाला तर आंब्याला मुक्काम करा. बाकीचं सावकाश.

वेगवान_विकी
फ्युएल पंपाचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बघा. माझ्या कारला सेम झालं होतं. स्कॅनर लावला की पाच मिनिटांत एरर कोड मिळतो.

माजी_वायरमन
विकीभाऊ, ९९ च्या ४०७ ला ईसीएम कुठला? पंप मेकॅनिकल आहे. एकदा इंजिन सुरू झालं की त्याला विजेची गरजच नाही, म्हणून तर दिवे गेले तरी इंजिन बंद पडत नाही. या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. इथे टेस्ट लॅम्प, मीटर आणि डोकं एवढंच कामाचं.

साखरपावाले, मी सांगली भागात तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. येऊन जाऊन होणारा दोष शोधताना पहिला प्रश्न ‘काय गेलं’ हा नसतो, ‘काय गेलं नाही’ हा असतो. तेव्हा एवढं सांगा: दिवे जातात त्या क्षणी हॉर्न वाजतो का? सेल्फ कधी हळू फिरतो का? पावसात जास्त होतं की उन्हाळ्यातही? घाट सुरू झाल्या झाल्या होतं की बराच वेळ लाइट चालल्यावर? या चार उत्तरांत अर्धी गाडी बाजूला पडते.

साखरपा_रोड
धन्यवाद काका. हॉर्न वाजत नाही, एकदा मुद्दाम दाबून पाहिलाय. सेल्फ कायम जोरात, कडाक्याच्या थंडीतही. पाऊस-उन्हाळा फरक नाही. आणि हो, हे आधी लक्षात आलं नव्हतं, पण मलकापूर सोडल्यावर लगेच कधीच होत नाही. अर्धा-पाऊण तास लाइट चालल्यावरच होतं. दिवसा आजवर एकदाही झालेलं नाही.

कोकण_मेवा
दिवसा झालं तरी कळणार कसं? दिवसा लाइट कुठे चालू असतात?

साखरपा_रोड
मीटरचे काटे आहेत की. दिवसा ते कधीच पडले नाहीत.

माजी_वायरमन
मग निम्मं काम झालं. सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी, तिचे टर्मिनल, सेल्फला जाणारी जाड केबल आणि इंजिनाची अर्थपट्टी (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी पट्टी) यांना मी तूर्त हात लावणार नाही. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. त्यात कमजोरी असती तर ती सकाळी पहिल्या सेल्फलाच कळली असती.

हॉर्न, दिवे, मीटर एकदम जातात म्हणजे दोष फांदीत नाही, खोडात आहे. उरल्या दोन जागा. एक, सेल्फच्या बोल्टवरून केबिनमध्ये चावीच्या स्विचकडे आणि फ्यूज बॉक्सकडे येणारी मेन वायर. दुसरी, केबिनची अर्थ. केबिन रबरी माउंटिंगवर बसलेली असते, तिला चेसिसशी जोडणारी वेणीदार पट्टी वेगळी असते. ती तुटली की केबिनमधलं सगळं अधांतरी.

उसाची_गाडी
माझं मत अर्थ. आमच्याकडे गाळप हंगामात दर वर्षी हेच. मळी, चिखल, पाणी, वर्षभरात पट्टीचा बोल्ट गंजून जातो. इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, ही अर्थ गेल्याची खूण. करंटला परत जायला सरळ वाट नसली की तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. बोल्ट सोडा, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून व्हॅसलीन. शंभर रुपयांत काम.

साखरपा_रोड
तसं मिणमिणणं कधी दिसलं नाही. तरी आज अर्थचे बोल्ट सोडून घासतो, करायला हरकत काय.

शुभदा_इन्स्ट्रु
घासा जरूर, पण घासून ‘आता ठीक झालं असेल’ असं म्हणून घाटात जाऊ नका. येऊन जाऊन होणाऱ्या दोषात हाच धोका असतो. काहीही केलं तरी पुढचे दहा दिवस तो येत नाही आणि आपल्याला वाटतं जमलं.

मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघते. आमच्याकडेही असे दोष येतात आणि तिथे नियम एकच, दोष घडत असताना मोजायचं. दुसरं म्हणजे वायर ओहमवर तपासू नका. मल्टिमीटर ओहमवर अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर शून्याजवळ दाखवेल. हेडलाइटचे दहा अँपिअर त्याच एका तारेतून जायला लागले की तिचा खरा रंग दिसतो. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक काडी बॅटरीच्या प्लसला, दुसरी फ्यूज बॉक्सच्या मेन पिनला, आणि हेडलाइट चालू. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत वाया जातंय. अर्थसाठी तसंच, एक काडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी केबिनच्या उघड्या पत्र्याला. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या आत हवं. प्लसच्या बाजूला, स्विच धरून, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर शोधायला लागायचं.

माजी_वायरमन
ताईंशी शंभर टक्के सहमत. आम्ही मीटरऐवजी २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब वापरायचो, कारण तो पावणेदोन अँपिअर तरी ओढतो. एलईडीचा टेस्टर अशा कामाला घेऊ नये, तो मेलेल्या वायरीवरही पेटतो.

नाना_जुनेजाणते
सोपी युक्ती सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा. गाडी आणि लाइट चालू राहिले तर डायनामो चांगला. आम्ही आयुष्यभर असंच तपासलं.

शुभदा_इन्स्ट्रु
नाना, राग मानू नका, पण हे कुणी करू नये. जुन्या खऱ्या डायनामोला ते चालून जायचं. आता ज्याला आपण सवयीने डायनामो म्हणतो तो अल्टरनेटर असतो, आत डायोड असतात. चालू गाडीत बॅटरी काढली की व्होल्टेज उसळी मारतं, डायोड आणि कटआउट (चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर) दोन्ही जाऊ शकतात. चार्जिंग बघायचं तर मीटर आहे की. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

नाना_जुनेजाणते
राग कसला. आमच्या वेळची गाडी वेगळी होती. पटलं.

मस्कतकर
साखरपा_रोड, हे वाचत होतो आणि आमच्या वर्कशॉपमधली एक रीत आठवली, ती तुमच्या केसला चपखल बसते. गॅरेजमध्ये दोष येत नाही ना? मग गॅरेजच गाडीत बसवा.

पाच-पाच वॅटचे दोन बल्ब घ्या, होल्डरसकट. बल्ब ‘अ’: बॅटरीच्या प्लसवरून थेट नवी वायर, बॅटरीजवळच ५ अँपिअरचा फ्यूज, ती वायर बल्बला आणि बल्बचं दुसरं टोक केबिनच्या पत्र्याला. बल्ब ‘ब’: फ्यूज बॉक्सच्या मेन पिनवरून वायर, तिलाही फ्यूज, बल्ब, आणि दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला. दोन्ही डॅशबोर्डवर टेपने चिकटवा, शेजारी बसलेल्याने नजर ठेवायची.

दिवे गेले त्या क्षणी ‘अ’ विझला आणि ‘ब’ चालू, तर केबिनची अर्थ सुटतेय. ‘ब’ विझला आणि ‘अ’ चालू, तर मेन फीड तुटतोय. दोन्ही विझले तर थेट बॅटरीवर या. तीन सेकंदांचा दोष असला तरी तेवढ्यात निकाल लागतो.

माजी_वायरमन
वा! हे मीही वहीत लिहून ठेवतो. बॅटरीजवळचा फ्यूज मात्र कुणी विसरू नका. थेट बॅटरीवरून आलेली उघडी वायर कुठे घासली तर आग.

कोकण_मेवा
थोडं अवांतर. माझ्या गाडीत नेमका पार्किंगचा फ्यूज उडतो, तोही अधूनमधून. नवा टाकला की चार दिवस चालतो. फ्यूजवर फ्यूज टाकून कंटाळलो. हीच युक्ती चालेल का?

माजी_वायरमन
तुमचा दोष उलटा आहे. त्यांचं सर्किट तुटतंय, तुमचं शॉर्ट होतंय. फ्यूज काढा आणि त्या जागी दोन वायरी लावून हेडलाइटचा जुना बल्ब जोडा. शॉर्ट झालं की बल्ब पूर्ण उजेडात पेटेल, करंट पाच अँपिअरच्या वर जाणार नाही आणि फ्यूजही वाया जाणार नाहीत. मग एकेक करत वायरिंग हलवत मागे जा. टेल लॅम्पची वायर चेसिसवर पत्र्याच्या क्लिपाखालून जाते तिथे आधी बघा, मग नंबर प्लेटचा दिवा, मग बॉडी बिल्डरने मारलेले स्क्रू. बल्ब ज्या क्षणी लखकन पेटेल त्या क्षणी हात जिथे आहे तिथेच दोष. आणि तोवर मोठा फ्यूज किंवा तार घालून गाडी चालवू नका, कितीही घाई असली तरी.

उसाची_गाडी
उंदीरही बघा. माल रिकामा करून गाडी गोडाऊनमागे उभी राहिली की धान्याच्या वासाने येतात आणि वायरी कुरतडतात.

चौदाचाकी
अवांतरात माझंही. २४ व्होल्टच्या गाडीत टेप चालवायला एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतलेत. एक बॅटरी सारखी बसते, दुसरीचं पाणी आटतं. काय कारण?

शुभदा_इन्स्ट्रु
कारण तेच, तुम्ही एकीकडूनच खाताय. चार्जिंग मात्र दोघींना एका माळेत, सारखंच मिळतं. एक कायम अर्धवट राहते, दुसरीला जास्त चार्ज बसून तिचं पाणी उडतं. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावा आणि दोन्ही बॅटऱ्या जोडीनेच बदला.

साखरपा_रोड
मंडळी, निकाल लागला. मस्कतकरांच्या रीतीने दोन बल्ब लावले, भाऊ शेजारी बसला. घाटात नाही गेलो, देशावरच्या_गड्याचं ऐकलं. मलकापूर-कोल्हापूर सपाट रस्त्यावर रात्री सगळे लाइट लावून फिरवली. दिवे गेले आणि ‘ब’ विझला, ‘अ’ चालू. म्हणजे अर्थ नाही, मेन फीड.

मग शुभदाताईंच्या सांगण्यावरून बॅटरीचा प्लस ते फ्यूज बॉक्स असं मोजलं. लाइट लावल्या लावल्या ०.६ व्होल्ट. रस्त्यावर अर्धा तास चालवून लगेच मोजलं तर १.५ आणि डोळ्यांदेखत वाढतंय. आता पुढे?

माजी_वायरमन
आता काड्या जवळजवळ आणत जा. एक काडी बॅटरीवर ठेवा, दुसरी पुढे सरकवत न्या: सेल्फचा बोल्ट, केबिनच्या पत्र्यातून वायर आत येते तिथला कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग), चावीचा स्विच, फ्यूज बॉक्स. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारेल तिथे दोष. आणि साधी गोष्ट, बॅटरीचं टर्मिनल काढून मगच त्या जोडांना हात लावून बघा. जो गरम तो चोर.

एक विचारतो. गाडीला बाहेरून काही लावलंय का? फॉग लॅम्प, मोठे बल्ब, अँप्लिफायर?

साखरपा_रोड
आधीच्या मालकाने बंपरवर दोन फॉग लॅम्प लावलेत, ५५-५५ वॅटचे. आणि हेडलाइटचे बल्ब आत्ता काढून बघितले, त्यावर १००/९० लिहिलंय. रिले कुठेच दिसत नाही. फॉगची वायर चावीच्या स्विचलाच जोडलीय.

शुभदा_इन्स्ट्रु
सापडलं म्हणायला हरकत नाही. हिशोब बघा. मूळ बल्ब ६०/५५, म्हणजे लांबच्या उजेडाला (अप्पर) ६० वॅट, जवळच्या उजेडाला (डिपर) ५५. अप्परला १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. आता अप्परला २०० आणि फॉगचे ११० असे ३१० वॅट, म्हणजे जवळजवळ २६ अँपिअर, तेही त्याच वायरीतून आणि त्याच कपलरमधून. जोडात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट अडीच पट झाला तर उष्णता सव्वासहा पट. पंचवीस वर्षांच्या पितळी पिनेला हे झेपत नाही. ती तापते, तिची पकड सैल होते, जोड सुटतो. दिवे गेले की करंट थांबतो, दोन-तीन सेकंदांत पिन जराशी निवते, पुन्हा टेकते आणि दिवे येतात. म्हणूनच अर्धा तास लागतो, म्हणूनच दिवसा होत नाही. घाटात खड्डे आणि वळणांचे धक्के असतात, सैल पिनेला तेवढं पुरतं. गॅरेजात उभ्या गाडीत ते नसतं.

साखरपा_रोड
पत्र्याच्या आतला कपलर उघडला. शब्द न् शब्द खरा. पांढरं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात चहाच्या रंगाचं होऊन वितळलंय, मेन वायरीची पिन काळीनिळी पडलीय आणि बोटाने ओढली तर हातातच आली. तिच्यालगत दोन इंच वायरीचं रबर कडक होऊन तडकलंय, आत तांबं काळं. बाकीच्या पिना पिवळ्याधमक आहेत आणि बाकीच्या वायरी वाकवून बघितल्या, एकदम मऊ. म्हणजे अख्खं वायरिंग भरलं असतं आणि फॉग परत तसेच स्विचवर जोडले असते तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा हेच.

घाटमाथा
मी इथे थोडा वेगळा सूर लावतो. एक पिन बदलून गाडी चालेल, कबूल. पण ९९ चं वायरिंग आज ना उद्या दुसरीकडे तडकणारच. माझ्या गाडीत मी सगळं नवं भरलं आणि चार वर्षं पाना लावला नाही. वारंवार पॅनल उघडत बसण्यापेक्षा एकदाच काय तो खर्च बरा.

माजी_वायरमन
घाटमाथा, तुमचं चुकीचं नाही. वायरी सगळीकडे कडक झाल्या असतील, जागोजागी टेपचे गोळे असतील, आगीची भीती असेल तर नवंच भरावं, मी स्वतः कितीतरी भरलीत. पण नवं वायरिंग हा तपास नव्हे. दोष कळल्यावर भरा, न कळता नको. शिवाय बाजारात तयार मिळणाऱ्या स्वस्त वायरिंगच्या वायरी मूळच्यापेक्षा बारीक असतात, हे मी हातात घेऊन बघितलंय. यांच्या वायरी मऊ आहेत, त्या उपसण्यात मला अर्थ दिसत नाही.

वेगवान_विकी
जुन्या गाडीचं इतकं मला माहीत नव्हतं. पण १००/९० मुळे उजेड तरी जास्त मिळत असेल ना? काढले तर घाटात कमी दिसेल.

मस्कतकर
उलट होईल. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. यांच्या गाडीत दीड व्होल्ट फक्त त्या वाटेतच जळतंय. मोठा बल्ब तापतोय जास्त आणि देतोय कमी. साधे ६०/५५ लावा, रिले टाकून बॅटरीवरून पूर्ण व्होल्टेज द्या, रिफ्लेक्टर साफ करा. समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपणार नाहीत, घाटात तेही महत्त्वाचं.

साखरपा_रोड
रिलेचं कनेक्शन नीट सांगाल का? वायर किती जाडीची? उद्या वायरमनकडे बसून समोर करून घेतो.

माजी_वायरमन
डिपर आणि अप्परला वेगळे, असे दोन रिले, ३० अँपिअरचे. फॉगला तिसरा. बॅटरीच्या प्लसवरून वायर, वीतभर अंतरात फ्यूज, मग रिलेचा ३० नंबर. ८७ नंबर बल्बला. हेडलाइटच्या स्विचमधून आधी जी वायर थेट बल्बला जायची ती आता ८६ ला, आणि ८५ अर्थला. स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलपुरता किरकोळ करंट जाईल. मेन वायर ४ चौरस मिलिमीटरची घ्या, बल्बपर्यंत २.५ ची. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज. फॉगची जुनी वायर चावीच्या स्विचवरून काढून टाका, गुंडाळून तशीच ठेवू नका.

कपलरची जळलेली वायर काळं तांबं संपेपर्यंत मागे कापा, चकचकीत तांबं दिसलं पाहिजे. तेवढाच तुकडा त्याच जाडीचा नवा जोडा, थिंबल पक्कडने चेपून, वर उष्णतेने आकसणारी नळी. नुसता पीळ मारून टेप गुंडाळून देत असेल तर करू देऊ नका. काळं तांबं सोल्डरही धरत नाही. रिले केबिनच्या आत, पाणी लागणार नाही असे, पिना खाली करून बसवा.

कोकण_मेवा
काका, माझा बल्ब पेटला! टेल लॅम्पची वायर, तिसऱ्या क्लिपेखाली. रबर घासून तांबं चेसिसला टेकत होतं. रबरी नळी चढवून बांधून टाकली.

साखरपा_रोड
अभिनंदन कोकण_मेवा.

आमचंही झालं. तीन रिले, नवी पिन, ६०/५५ चे बल्ब. बॅटरी ते हेडलाइटच्या होल्डरपर्यंत मोजलं: ०.२ व्होल्ट. तासभर सगळे लाइट लावून रस्त्यावर फिरवून परत मोजलं, तेवढंच. फ्यूज बॉक्सच्या मेन पिनेवर ०.१. कपलर हाताला थंड. दोन्ही टेस्ट बल्ब अजून डॅशबोर्डवरच आहेत, महिनाभर काढणार नाही. परवा गूळ भरायचाय, दिवसा उतरणार आणि येताना रात्री चढून बघणार.

शुभदा_इन्स्ट्रु
आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर परत मोजा, ०.२ चं ०.५ झालेलं दिसलं तर अंधार व्हायच्या आधीच कळेल.

देशावरचा_गडी
रात्री चढताना भावाला बरोबर घ्या, आणि एक चांगली बॅटरीची टॉर्च सीटखाली असू द्या.